एकोणतिसावी

जुलैत मी सत्ताविसावी होते,
स्टेशन हेडक्वार्टरच्या फळ्यावर, टाचण्यांनी लावलेल्या कागदात:
कॅप्टन, सिग्नल्स, अपत्य एक, वय चार.
सप्टेंबरात चोविसावी झाले.
मग लेहहून कुणीतरी उतरलं, माझ्याहून जुनी तारीख घेऊन,
त्याच्यामागे आणखी चौघं,
आणि दिवाळीनंतर मी एकोणतिसावी.
शाल्मली आकडे त्या फळ्यापाशीच शिकली.
तिला वाटतं, चोविसाच्या पुढे एकोणतीस येतात.

तोवर मुरारला, सदर बाजाराच्या मागे,
शिवहऱ्यांच्या गजक-कारखान्यावर दोन खोल्या.
जिन्याला गुळाचा चिकट वास.
रात्री अकराला खाली मोगऱ्या सुरू होतात,
धप्, धप्, दोन माणसं, एक ठोका,
तीळ कुठे संपला नि गूळ कुठे, ते कळेनासं होईस्तोवर.
पहिला आठवडा मी डोक्यावर उशी घेतली.
शाल्मली मात्र तिसऱ्या ठोक्याला झोपायची.

पीटी साडेपाचला. पाळणाघर आठला उघडतं.
मधले अडीच तास कुठल्याच नियमावलीत नाहीत.
ते ती एक्स्चेंजच्या खोलीत काढते,
बॅटऱ्यांच्या रांगेशेजारी, माझ्या जर्किनमध्ये गुरफटून.
तिचा बाबा तवांगच्या पलीकडे.
फोन लागला की ती त्याला फक्त आकडा सांगते.

मी अर्ज केला. सहा ओळींचा.
तास तेवढेच, सुरुवात तेवढी आठला,
राहिलेलं काम रात्री, ती झोपल्यावर.
साहेबांनी कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं: बोलू या.
बोललो. साहेब वाईट नाहीत.
चहा मागवला, म्हणाले,
‘आमचीही मुलं वाढलीच की.’
कुणी वाढवली, ते मी विचारलं नाही.

आणि त्याच गुरुवारी
हवालदार देवसिंग रौतेला माझ्या टेबलापुढे सावधान.
बायको जयारोग्यात नर्स, मंगळवार-शुक्रवार रात्रपाळी.
मुलं दोन. धाकट्याला दम्याचा पंप.
‘मॅडम, ह्या दोन रात्री सोडून कुठलीही द्या.’
आणि माझ्या तोंडून, माझ्याच आवाजात,
बाहेर पडलं: ‘बघू या.’

जय हिंद म्हणून तो वळला.
त्याचे बूट व्हरांड्याच्या टोकापर्यंत मला ऐकू आले.
मग मी हाक मारली.
ड्यूटीचा तक्ता पेन्सिलनेच तर लिहिलेला असतो.
मंगळवार पिल्लेला गेला, तो दोन दिवस तोंड फुगवून होता.
शुक्रवार कुणालाच नको होता.
शुक्रवार मी घेतला.
नियमात बसतं का, ते विचारायला गेले नाही.
शुक्रवारी शाल्मली रौतेल्याकडे झोपते.
परवा मला दाखवत होती
पंप आधी कसा हलवायचा, मग श्वास कसा धरायचा.

फेब्रुवारीत एकदम बदल्या निघाल्या,
यादी भसकन खाली आली,
आणि क्वार्टर मिळालं.
ताज्या चुन्याचा वास, परसात पेरू,
न्हाणीघराच्या दाराला आधीच्या कुणाच्या तरी मुलाची उंची,
पेन्सिलच्या तीन रेघा. चौथीच्या आत बदली झाली असणार.
शाल्मलीने प्रत्येक खोलीत दिवा लावला, विझवला, लावला.
अकरा वाजले. झोप नाही.
साडेअकरा.
‘आई, खाली कुणी का नाही?’
खाली जमीन आहे, बाळा. नुसती जमीन.

मग मी लाटणं घेतलं
आणि काळ्या पेटीवर, जिच्यावर
चार स्टेशनांची नावं खोडून पाचवं रंगवलंय,
ठोके देत बसले.
धप्. धप्.
समोरच्या क्वार्टरात दिवा लागला.
कुणीतरी खिडकीशी आलं.
मी थांबले नाही.

अर्ज अजून साहेबांच्या ट्रेमध्ये आहे.
साडेपाचला पीटी.